बंपर घासायचा दिवस

सकाळी साडेसहा

पोर्चमध्ये प्लॅस्टिकच्या दोन स्टुलांवर जुनी सतरंजी टाकून बंपर उताणा ठेवला आहे. डिसेंबरात निगडी प्राधिकरणात या वेळी नळाच्या पाण्यानं बोटं आखडतात, पण या कामाचं वेळापत्रक शेवटाकडून लावावं लागतं. प्रायमर मारायचा तो दुपारी साडेतीनला. तेव्हा हवा कोरडी आणि उबदार असते, आमच्या पोर्चवर सावली आलेली असते आणि दव पडायला पुष्कळ अवकाश असतो. गार बंपरवर प्रायमर ओघळतो. उन्हात तापलेल्या बंपरवर तो पोहोचतानाच सुकतो आणि खरखरीत बसतो. साडेतीनला प्रायमर, म्हणजे तीनला घासाघीस संपलेली हवी, आणि ती संपायची तर आत्ता बाह्या वर करायला हव्यात.

बंपर स्विफ्टचा, पुढचा, लाल. आमची गाडी पांढरी, २०१३ सालची. ‘स्विफ्टचा म्हणजे स्विफ्टचा, सगळे सारखेच’ असं भंगारवाला छातीठोकपणे सांगतो, त्यावर जाऊ नये. दुसऱ्या पिढीची स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिचं तोंड बदललं, बंपरसकट. २०१५ चा बंपर २०१३ च्या गाडीसमोर धरला की फॉग लॅम्पची जागा वेगळी दिसते, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. पूर्वी अशा वस्तूंसाठी आम्ही पिंपरी-चिंचवडकर चिखलीजवळच्या कुदळवाडीत जायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली भंगाराची दुकानं-गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली, तेव्हापासून धंदा चहूकडे पांगला आहे. आता चार फोन केल्याशिवाय माल कुठे आहे तेच कळत नाही.

जुना बंपर घ्यावाच का, हा प्रश्न रास्त आहे. रंग न दिलेला नवा बंपरही मिळतो. पण कंपनीचा घेतला तर खिशाला लागतो, आणि बाजारातला स्वस्त लोकल घेतला तर फेंडरपाशी बोट जाईल एवढी फट राहते. जुना घेण्यात अर्थ एकाच अटीवर असतो: दोन्ही टोकांची लॉकं आणि वरचे स्क्रूचे कान शाबूत पाहिजेत. रंग उडालेला चालतो, ओरखडे चालतात, तडाही चालतो. कान तुटलेला बंपर मात्र कितीही चकाचक असला तरी घेऊ नये, तो गाडीवर कधीच सरळ बसत नाही.

बंपर उताणा ठेवलाय तो आतलं वाचण्यासाठी. आतल्या बाजूला, चिखलाखाली, दोन बाणांच्या टोकांमध्ये साच्यातूनच उठलेली अक्षरं असतात. माझ्या बंपरवर पीपी आणि ईपीडीएम, पुढे टीडी आणि एक आकडा. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे त्याला लवचीकपणा देणारं रबर, आणि टीडी म्हणजे टाल्क, चक्क टाल्कम पावडरीतलाच दगड, त्यानं ताठपणा येतो. आजचा दिवस कसा जाणार ते या अक्षरांनी ठरवलेलं आहे. इटलीच्या ज्युलिओ नाट्टानं १९५४ मध्ये बनवलेल्या आणि पुढे १९६३ च्या नोबेलपर्यंत पोहोचलेल्या या पॉलिप्रॉपिलीनचा स्वभाव असा की त्याला सहजासहजी काही चिकटत नाही. घरातला झटपट ग्लू चिकटत नाही, गाडीचा रंग तर नाहीच नाही. कारखान्यात रंग देण्याआधी बंपरवरून ज्योत फिरवून पृष्ठभाग बदलून घेण्याची पद्धत आहे. घरी गॅसची बत्ती घेऊन तसलं काही करू नये. घरासाठी प्लॅस्टिक प्रायमर आहे, त्याची पाळी दुपारी.

सव्वासात

धुणं. एका बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, दुसरीत नुसतं पाणी. आधी आतली बाजू. लोक बाहेरून धुतात आणि आतला चिखल तसाच ठेवतात. मग दुपारी ओल्या पेपरानं घासताना तोच चिखल कडेवरून ओघळून तयार पृष्ठभागावर येतो. जुना दात घासायचा ब्रश घेऊन जाळीच्या खाचा, फॉग लॅम्पच्या कडा, नंबरप्लेटचा खळगा असं एकेक करत जायचं. डांबराचे ठिपके साबणाला दाद देत नाहीत, त्यांना फडक्यावर थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन, आणि त्या जागी लगेच पुन्हा साबण.

या कामात चुकवून चालत नाही असा एकच नियम आहे, तो क्रमाचा: आधी धुवायचं, मग घासायचं. गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकला चमक यावी म्हणून जी पॉलिशं मारतात त्यांत सिलिकॉन असतं. ते तसंच ठेवून पेपर मारला तर पेपरानं पाडलेल्या बारीक चरांमध्ये ते दडून बसतं. रंग ओला असताना तिथून तो मागे सरकतो आणि गोल गोल डोळे पडतात. गॅरेजवाले त्याला फिश आय म्हणतात. एकदा ते पडले की वरून कितीही रंग मारा, बुजत नाहीत. त्याच कारणानं आज मी डोक्याला तेल लावलेलं नाही आणि हाताला क्रीमही नाही.

फाटकाशी शेजारचे काका दूध घेऊन उभे. “वहिनी, गॅरेजमध्ये टाकायचा ना! कशाला हात खराब करताय?”

“टाकणारच आहे काका, परवा. आज फक्त घासून ठेवते.”

“मग त्यांचं काम काय उरलं?”

प्रश्न बरोबर आहे, पण गॅरेजचा हिशोब वेगळा असतो. तिथे पैसे पॅनेलमागे ठरतात. बंपरला जो आकडा सांगतात त्यात रंग, क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर, पुट्टी, मजुरी सगळं आलं. रंगाचा भाव पेंटरच्या हातात नाही, क्लिअरचा नाही, मग कात्री लागते ती एकाच गोष्टीला, घासायच्या वेळेला. दोन पावसाळ्यांनी बंपरच्या कडेचा पोपडा निघतो तेव्हा लोक रंगाला नावं ठेवतात. रंग बिचारा बरा असतो. त्याच्याखाली कोणी वेळ दिलेला नसतो.

साडेआठ

पोहे आणि चहा. तोवर बंपर निथळतो आहे. अजून कडांमधून पाणी टपकतंय, म्हणून उन्हात उभा केला.

कोरडा झाल्यावर पहिली तपासणी. पांढऱ्या फडक्याचा कोपरा थिनरमध्ये बुडवून लाल रंगावर, जिथे दिसणार नाही अशा जागी, थोडा वेळ दाबून धरायचा आणि मग पुसायचा. कंपनीचा भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर घातलेला रंग असेल तर फडकं जवळपास पांढरंच राहतं. आधीच्या मालकानं कुठेतरी स्वस्तात साधा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, रंग मारून घेतला असेल तर फडकं लालभडक होतं आणि बोटाखाली रंग चिकट लागतो. अशा रंगावर नवीन काम करण्यात अर्थ नाही. वरच्या रंगातला थिनर खालच्याला उठवतो आणि सुरकुत्या पडतात. तो सगळा खरवडूनच काढावा लागतो, आणि तोही घासून. रंग काढायचा रिमूव्हर पत्र्यासाठी ठीक आहे, प्लॅस्टिकच्या बंपरला लावला तर प्लॅस्टिकच मऊ पडतं.

डावीकडे फडकं पांढरं राहिलं. उजव्या कोपऱ्यात लाल झालं. म्हणजे हा कोपरा कधीतरी ठोकलेला आणि रंगवलेला. बंपर विकत घेताना अशा गोष्टी कोणी सांगत नाही, फडकं सांगतं.

सव्वानऊ

तडा त्याच कोपऱ्यात खाली आहे, हाताच्या बोटाएवढा. शिवाय खालच्या भागात चार भोकं आहेत, क्रॅश गार्ड बसवताना पाडलेली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हापासून पुष्कळांनी ते उतरवले. त्यामुळे भंगारात येणाऱ्या बंपरांमध्ये ही भोकं हमखास सापडतात.

तड्याच्या अगदी टोकाला बारीक ड्रिलनं एक छिद्र पाडायचं, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग बंपरच्या आतल्या बाजूनं तड्याच्या रेषेवर सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं इंग्रजी व्ही अक्षरासारखा चर काढायचा आणि स्टीलच्या जाळीचा तुकडा गरम करून प्लॅस्टिकमध्ये बुडवायचा. वरून भरायला आमच्या जुन्या, फुटलेल्या बंपरचीच पट्टी कापून ठेवली आहे. पीपीला पीपीच लागतं. दुसरं कुठलं प्लॅस्टिक वितळवून घातलं तर ते नुसतं वर बसतं, गार झालं की नखानं उपटून येतं. जुना बंपर लगेच भंगारात देऊ नका तो यासाठी. भोकांनाही मागून तोच उपाय. नुसती पुट्टी भोकात भरली तर पहिल्याच खड्ड्यात ती खाली पडेल, कारण तिला धरायला मागे काही नसतं.

वितळत्या प्लॅस्टिकचा धूर डोक्यात जातो. टेबलफॅन मागून लावला आहे, तो माझ्याकडून बाहेरच्या दिशेला. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली आणि आतूनच विचारलं, “किती वेळ चालणार हे?” अर्ध्या तासात आटोपलं. तडा ताणून पाहिला, उघडत नाही.

दहा ते बारा

आता पेपर.

ज्यांना या कामाची सवय नाही ते पेपरच्या आकड्यांनी गोंधळतात, म्हणून आधी तेवढं. आकडा लहान तेवढा पेपर खरखरीत. ८० नंबर रंग ओरबाडतो, १८० आकार देतो, ३२० त्या दोघांचे ओरखडे पुसतो, ४०० प्रायमरसाठी जमीन तयार करतो, ६०० आणि ८०० रंगासाठी. मधली पायरी गाळायची नाही. १८० नंतर थेट ६०० मारला तर १८० चे चर तसेच राहतात, फक्त त्यांच्या कडा चकचकीत होतात. रंग वाळून आत बसला की महिन्याभरानं ते वर दिसायला लागतात. हार्डवेअरच्या दुकानात एक कागद वीस-पंचवीस रुपयांना मिळतो. कंजूषपणा करायची ही जागा नव्हे: बोथट झालेला पेपर घासत नाही, नुसता रंग तापवतो.

उजव्या कोपऱ्यातला थिनरला दाद देणारा रंग १२० नं पार काढून टाकला. मग खरी कलाकुसर, कड मारायची. रंग जिथे उडाला आहे तिथे रंग आणि उघडं प्लॅस्टिक यांच्यात एक बारीक पायरी असते. डोळ्याला ती दिसत नाही, पण वर नवा रंग आला की जशीच्या तशी उमटते. ती पायरी घासून उतार करायचा. १८० घेऊन बाहेरच्या बाजूला घासत घासत गेलं की एकेक थर उघडा पडतो: आधी क्लिअरचं दुधट वलय, मग लाल, मग कंपनीचा प्रायमर आणि शेवटी काळं प्लॅस्टिक. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसा बंपरचा पूर्वेतिहास मोजता येतो. प्रत्येक वलय निदान अर्धं बोट रुंद झालं पाहिजे. अरुंद वलय म्हणजे उतार अजून उभा आहे.

तपासायला डोळा कामाचा नाही, नख कामाचं. उघड्या प्लॅस्टिकवरून रंगाकडे नख ओढायचं. कुठे अडकलं तर अजून घासा. त्यानंतर तळवा. तळव्याखाली पातळ फडकं धरून डोळे मिटून हात फिरवला की जे उंचवटे नुसत्या हाताला कळत नाहीत ते कळतात. आमचे पेंटरमामा असेच बघतात, मान दुसरीकडे वळवून.

घासताना पेपर नुसत्या बोटांखाली धरला तर बोटांच्या दाबाचे लांब खड्डे पडतात. सपाट भागाला रबरी ठोकळा, आणि बंपरच्या वळणांना जुन्या हवाई चपलेचा कापलेला तुकडा. हा तुकडा प्रत्येक पेंटरच्या पेटीत असतो. तो वळतो, पण दाब सगळीकडे सारखा ठेवतो.

काळ्या प्लॅस्टिकवर मात्र हात हलका हवा. खरखरीत पेपर जोरात आणि कोरडा मारला की पीपी घर्षणानं तापतं, कापलं जाण्याऐवजी खेचलं जातं आणि पृष्ठभागावर बारीक केस उभे राहतात. उजेडात तिरकं पाहिलं की लव आल्यासारखी दिसते. ती प्रायमरनं झाकली जात नाही, उलट प्रायमर लागून आणखी ताठ होते. उपाय एवढाच: पेपर बारीक, दाब कमी आणि भरपूर पाणी.

पाणी लावून घासायचा पेपर ही गाडीच्या रंगकामाला मिळालेली मोठी देणगी आहे. फ्रान्सिस ओकी नावाच्या फिलाडेल्फियातल्या शाई बनवणाऱ्या गृहस्थाची ती कल्पना. १९२१ मध्ये थ्रीएम कंपनीनं ती विकत घेऊन बाजारात आणली. त्याआधी रंगारी कोरडंच घासायचे, रंगात शिसं असायचं आणि ती धूळ नाकातोंडात जायची. त्याच कंपनीतल्या रिचर्ड ड्रूनं १९२५ मध्ये मास्किंग टेप काढली तीही गाड्या रंगवणाऱ्यांची अडचण पाहूनच. दोनरंगी गाड्यांची तेव्हा हौस होती, आणि रंगाच्या सीमेवर चिकटवलेला कागद काढताना ताजा रंगही सोबत निघायचा. माझ्या बादलीत भिजत पडलेला कागद आणि खिळ्याला अडकवलेली टेप, दोन्ही एकाच धंद्याची लेकरं.

बाराला दहा कमी. खांदे भरून आले आहेत. लेक कॉलेजातून आला, बंपरकडे पाहून म्हणाला, “आई, हा आधी बरा दिसत होता.” खरंय. काळा, करडा, लाल, चट्टेपट्टे. या टप्प्यावर प्रत्येक बंपर बिघडवून ठेवल्यासारखाच दिसतो.

बारा

पुट्टी. पत्र्यासाठीची नेहमीची पुट्टी बंपरला चालत नाही. बंपर हातानं दाबला तरी वाकतो, ती पुट्टी वाकत नाही, तडकते. डब्यावर ‘प्लॅस्टिकसाठी’ किंवा ‘फ्लेक्सिबल’ असं लिहिलेलीच आणायची. काचेच्या तुकड्यावर पुट्टी आणि हार्डनर. शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम. ‘जरा जास्त घातलं तर लवकर वाळेल’ हा मोह आवरावा. जादा हार्डनर पुट्टीत तसाच राहतो आणि पुढे फिकट रंगातून डाग होऊन वर येतो, पांढऱ्यातून तर नक्कीच. रंग एकसारखा होईपर्यंत, कुठे रेघ दिसणार नाही अशी पुट्टी कालवायची. हातात चार-पाच मिनिटं मिळतात, मग गुठळ्या होतात आणि फेकावं लागतं.

पत्तीनं पातळ थर, आधी घट्ट दाबून, मग त्यावर दुसरा. एकाच जाड थरात हवा अडकते आणि घासताना सुईच्या टोकाएवढी भोकं उघडतात. थंडीत ती वाळायला जास्त वेळ घेते. तेवढ्यात जेवून घेतलं, उभ्या उभ्याच, पिठलं-भाकरी.

एक

पुट्टी कोरडीच घासायची, कारण ती पाणी पिते आणि ते पाणी प्रायमरखाली अडकून पुढे फुगे आणतं. म्हणून आता पाणी बाजूला आणि एन९५ मास्क तोंडाला. १८०, २४०, ३२०. पुट्टी ओरखड्याच्या जागीच राहायला हवी. आजूबाजूला पातळ पापुद्रा पसरलेला दिसतो तो सगळा उडवायचा. भोकं बुजवलेल्या जागी काळी बुकटी पसरून पुन्हा हलकं घासलं, जिथे काळं राहिलं तिथे खळगा. दोन ठिकाणी राहिलं. तिथे पुन्हा पुट्टीचा थेंब, पुन्हा वाट.

पावणेदोन

संपूर्ण बंपर ४०० नं, पुट्टीच्या जागा सोडून पाण्यात. इथे सांगण्यासारखं फार नाही, फक्त चमक शोधायची आणि मारायची. जिथे जुना रंग अजून चमकतोय तिथे नवा धरणार नाही. जाळीच्या कडा, फॉग लॅम्पचे खळगे, नंबरप्लेटच्या मागची जागा, या सगळ्यांत पेपर पोहोचत नाही. तिथे करड्या रंगाची घासणी, रंगाच्या दुकानात स्कफ पॅड म्हणून मिळते ती. भांड्यांची हिरवी घासणी ओरखडे खोल पाडते, ती नको.

पोपडे निघायला सुरुवात होते ती कायम या कडांपासून. मधल्या सपाट भागाचा रंग उडालेला बंपर मी क्वचितच पाहिला आहे.

पावणेतीन

पुट्टीच्या जागा वाचवत स्वच्छ पाण्यानं धुतला, कोरडा केला, भोकांतून आणि खाचांतून पाणी फुंकून काढलं. आता पुट्टीच्या जागा सोडून बंपरवर स्वच्छ पाणी ओतून बघायचं. जुन्या रंगावर पाण्याचा सलग पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, थेंब गोळा होऊन पळाले तर अजून तेलकट आहे. ही परीक्षा रंगाच्या भागापुरतीच. उघडं पीपी स्वच्छ असलं तरी पाण्याला जवळ करत नाही, त्याला बघून घाबरू नये.

शेवटची पुसणी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, दोन फडकी घेऊन. एकानं ओलं करायचं, सुकायच्या आत दुसऱ्यानं टिपून घ्यायचं. एकाच फडक्यानं पुसलं तर मळ इकडचा तिकडे होतो, एवढंच. करोनाच्या वेळचं सॅनिटायझर घरोघरी उरलं आहे, ते इथे वापरू नका. त्यात हातांसाठी ग्लिसरीन असतं, आणि आपण सकाळपासून जे काढत बसलो तेच परत लावल्यासारखं होतं. कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचंही नाही. प्लॅस्टिकमध्ये विद्युतभार साठतो आणि हवेतली धूळ आपणहून येऊन चिकटते.

यानंतर बंपरला उघडा हात लावायचा नाही. हातमोजे चढवले. पोर्चची फरशी, भिंतीचा खालचा भाग, कुंड्या, सगळ्यांवर पाणी शिंपडलं. पंखा बंद. लेकाला सांगून ठेवलं, फाटक आपटू नको.

साडेतीन

प्लॅस्टिक प्रायमर पाण्यासारखा पारदर्शक आहे. मारला की नाही तेच कळत नाही, म्हणून तिरक्या उजेडात बघत मारायचा. उघड्या काळ्या भागांवर आणि त्यांच्या कडांवर एकदा धुक्यासारखा हलका, थोडं थांबून पुन्हा एकदा. जास्त मारल्यानं जास्त चिकटतं असं नाही. जाड थर स्वतःच मऊ राहतो. यातलं क्लोरिनयुक्त रेझिन हे पीपी आणि रंग यांच्यातलं मध्यस्थ. ते घासायचं नसतं, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच त्याच्यावर पुढचा थर यावा लागतो.

मग राखाडी प्रायमर-सरफेसर, स्प्रेच्या डब्यातला. डबा आतल्या गोळीचा आवाज मोकळा झाल्यावरही दोन मिनिटं हलवायचा. बंपरपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर. हात बंपरच्या बाहेर असतानाच बटण दाबायचं, सरळ रेषेत न्यायचं, बाहेर गेल्यावरच सोडायचं. मनगट वळवलं की मध्ये जाड, कडेला पातळ. पहिला हात अगदी विरळ, खालचं दिसेल असा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक वेळी आधी कडा आणि खाचा, नंतर मोठा सपाट भाग.

लालवर पांढरं काम करताना राखाडी थर अंगचोरपणे मारून भागत नाही. काही जुने लाल रंग थिनरनं विरघळून वर झिरपतात आणि पांढऱ्याला गुलाबी झाक येते. पूर्ण झाकलेला, सलग प्रायमर हवा.

इथे मात्र एन९५ पुरत नाही. तो धुळीसाठी आहे, थिनरच्या वाफेसाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्क लागतो. आमच्याकडे तो भिंतीवर टांगलेला असतो, त्याच्या डब्या वेळोवेळी बदलायच्या असतात. सुट्ट्या गुंडाळून ठेवल्या नाहीत तर हवेतच वापरून संपतात.

पाच

शेवटचा हात देऊन झाला. बंपर एकजात राखाडी आहे आणि आता एवढ्या वेळात पहिल्यांदा तो एका वस्तूसारखा दिसतोय. अर्ध्या तासानं, बोटाला लागत नाही असं पाहून, दोघांनी आतल्या खोलीत नेला. रात्रीचं दव त्यावर पडू द्यायचं नाही.

सहा वाजता पेंटरमामा स्कूटरवरून उतरले. बंपर उजेडाला तिरका धरला, फडक्यावरून तळवा फिरवला, मान पलीकडे.

“ताई, हा कोपरा फुटलेला होता का?”

“हो.”

“कळत नाही.” मग खिशातली पेन्सिल काढून सुईएवढ्या दोन भोकांभोवती गोल केले. “एवढं भरा आणि उद्या सहाशे मारून आणा. परवा रंग देतो. माझे फक्त रंगाचे पैसे.”

रंगाचा आकडा गॅरेजच्या एकूण आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. मागचा बंपर असाच केला होता, त्याचा पोपडा अजून निघालेला नाही.

रात्री साडेआठ

बंपरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलं: कुठला प्लॅस्टिक प्रायमर, कुठला सरफेसर, तारीख. पेंटरला खाली काय आहे ते माहीत असलं की वरचा रंग आणि थिनर तो त्या हिशोबानं निवडतो. उद्या भोकं, ६००, पुसणी. नंबरप्लेटचं एक काम अजून बाकी आहे. सुरक्षा नंबरप्लेटचे स्नॅप लॉक एकदाच वापरायचे असतात, ते जुन्या बंपरवरून काढले की तुटतात, तेव्हा नवे अधिकृत केंद्रातूनच बसवून घ्यावे लागणार.

काका पुन्हा फाटकाशी आले होते. “एवढं केलंत तर रंगही इथेच का नाही मारत?” त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. हल्लीचा चांगला रंग आणि क्लिअर हार्डनर घालून मारतात आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. १९८४ मध्ये भोपाळला गळालेला वायू त्याच रासायनिक कुळातला. हार्डनरमधलं तेवढं उडणारं नसतं, पण गननं त्याचं धुकं केलं की ते छातीत जातं. रंगाऱ्यांना होणाऱ्या दम्याचं ते नावाजलेलं कारण आहे आणि साध्या मास्कनं ते अडत नाही. घासायचं, भरायचं, प्रायमरपर्यंतचं सगळं काम घरी करा, निवांत दिवस काढून करा. हार्डनरचा रंग मात्र पोर्चमध्ये, शेजारच्या खिडक्यांखाली, गननं मारू नका. तो बूथ आणि हवेची नळी असलेल्या पेंटरकडेच द्या.